सूचकाची सही

दुकानदारांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जगावर विश्वास राहावा तरी कसा? ज्याच्या त्याच्या काट्यात काहीतरी काळंबेरं. कुणी पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेला, कुणी स्प्रिंग ताणून ठेवलेली, आणि विचारावं तर प्रत्येक जण आढ्याकडे बघत म्हणणार, "अरेच्चा, हे कुठून आलं?" आमच्या काटेवाल्याने हे इतकी वर्षं पाहिलं, की पुढेपुढे माणूस दिसला की आधी त्याच्या पारड्याखाली काय आहे, याचाच तो विचार करायचा. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने एकदा न मागता दोन बिस्किटं पुढे केली, तर याने त्या टपरीवर जाणंच सोडलं. फुकट देतो म्हणजे काहीतरी हवंय! बिचाऱ्याची बिस्किटं मऊ पडली होती, एवढंच.

बायको मात्र अगदी उलट. ती घरीच कपडे शिवायची. दार सताड उघडं, कात्री मागायला कुणीही यावं, उधारीवर कुणीही न्यावं. "सगळं जग काय तुम्हाला फसवायला जन्माला आलंय का हो?" असं ती विचारायची, आणि तो मनापासून "हो" म्हणायचा. तरी संसार छान चालला होता. ती विश्वास ठेवायची, तो कड्या लावायचा.

त्यांच्या वॉर्डात पालिकेचा एक दवाखाना होता. जुने डॉक्टर बदलून गेले, नवे कुणी आलेच नाहीत, आणि एके दिवशी दाराला कुलूप लागलं ते लागलंच. शेजारच्या पाववाल्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा घाईत ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. टेम्पो दवाखान्याच्या दारात गेला आणि पोर त्या बंद दारासमोर, टेम्पोतच जन्माला आलं. काटेवाल्याची बायको चादरीचा आडोसा धरून उभी होती. बाळबाळंतीण वाचली, पण हिच्या डोक्यातून ते कुलूप काही जाईना. दवाखाना उघडा असं निवेदन लिहून, त्यावर काटेवाल्यासकट गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन ती तडक नगरसेवकाकडे गेली. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यातला तो माणूस हसून म्हणाला, "एवढं कळतंय तर तुम्हीच उभ्या राहा की, बाई!" भोवतीची टाळकीही हसली.

घरी येऊन ती मशीनवर बसली. सुईत दोरा जाईना. मग दोरा खाली ठेवून म्हणाली, "अहो, मी उभी राहते."

काटेवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"नगरसेवकानेच."

"बघ! म्हणजे यात त्याचाच डाव आहे."

"अहो, तो थट्टा करत होता."

"ते तुला वाटतं."

पुढचे दिवस काटेवाल्याने उमेदवार कसं व्हायचं हे शिकण्यात आणि शिकवणाऱ्यावर संशय घेण्यात घालवले. निवडणूक कचेरीतल्या कारकुनाने दोघांना बसवून सगळं नीट सांगितलं. मतदार यादीत नाव हवं. पालिकेच्या कराची बाकी नसल्याचा दाखला हवा. मालमत्ता काय आणि अंगावर गुन्हे किती, हे शपथेवर लिहून द्यायचं. खर्चासाठी बँकेत वेगळं खातं उघडायचं, अनामत भरायची. आणि अर्जावर सूचक म्हणून त्याच वॉर्डातल्या एका मतदाराची सही घ्यायची. त्यानंतर छाननी, मग माघारीची मुदत, आणि मग चिन्ह. कारकून एकदाही चिडला नाही. बाहेर पडल्यावर काटेवाला म्हणाला, "कचेरीतला माणूस न चिडता सांगतो? पाणी कुठेतरी मुरतंय." कराचा दाखला एका खेपेत मिळाला, तेव्हा तर त्याला रात्री नीट झोप लागली नाही. खोटा असेल म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पालिकेत जाऊन विचारून आला. खरा होता.

सूचक कोण, यावर मात्र घरात वाजलं. बायकोच्या मनात समोरचा इस्त्रीवाला होता. तिचे शिवलेले कपडे तोच इस्त्री करायचा, तिला वहिनी म्हणायचा, आणि टेम्पोमागे सायकल दामटत आलेलाही तोच.

"वेडी की काय तू?" काटेवाला म्हणाला. "नगरसेवकाचे पांढरे कपडे कोण इस्त्री करतो? हाच ना? आपल्या घरातलं सगळं त्या कपड्यांच्या घडीत जात असणार. हा सूचक झाला आणि ऐन वेळी माझी सहीच नाही म्हणाला, तर? अर्ज गेला बाराच्या भावात!"

"भावजी तसे नाहीत हो."

"घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला? सूचक मी."

बायकोने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं, तुम्ही."

आता सहीचं एक प्रकरण होतं. काटेवाल्याला तरुणपणापासून एक धास्ती होती, की कुणीतरी आपली सही गिरवायला शिकेल. त्यावर त्याने स्वतःच उपाय काढला होता. बँकेतली सही एक, आणि ती बँकेबाहेर कुठेही करायची नाही. अर्ज, निवेदनं, पावत्या यांवर दुसरी, सगळी वेटोळी. आणि जिथे फारच धोका वाटेल तिथे त्या घटकेला सुचेल ती. बायकोला हे माहीत होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने पार्सल घेताना त्याची सही पाहून विचारलं होतं, "हे कोण?"

अर्ज समोर आला तेव्हा त्याने विचार केला. हा कागद नगरसेवकाची माणसं बघणार. बँकेतली सही दाखवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. वेटोळी सही तर त्यांनी दवाखान्याच्या निवेदनावर आधीच पाहिलेली. तेव्हा त्याने एक अगदी नवी सही केली, वरून तिरकी, मध्येच गाठ मारलेली, शेवटी दोन ठिपके. स्वतःवर खूश होऊन त्याने पेनाचं टोपण लावलं. बायकोने अर्ज उचलला, सही पाहिली, आणि काही न बोलता पिशवीत ठेवला. भरायलाही ती एकटीच गेली, कारण त्या दिवशी काटेवाला एका वाण्याचा काटा उघडून बसला होता आणि तो उघडा टाकून जायला त्याचा वाण्यावर विश्वास नव्हता.

छाननीला मोठ्या हॉलमध्ये गर्दी होती. निवडणूक अधिकारी म्हणजे चष्मा लावलेल्या, थकलेल्या बाई. एकेक अर्ज उचलायच्या, हरकत आहे का विचारायच्या, पुढचा उचलायच्या. काटेवाल्याच्या बायकोचा अर्ज आला आणि नगरसेवकाचा वकील उठला. त्याच्या हातात दवाखान्याच्या निवेदनाची प्रत होती.

"मॅडम, सूचकाची सही बनावट आहे. हीच व्यक्ती, या निवेदनावर सही वेगळी. अर्ज बाद करावा."

काटेवाला ताडकन उभा राहिला. "दोन्ही माझ्याच!"

बाईंनी दोन्ही कागद पाहिले आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "काका, मग इथे माझ्यासमोर एकदा करून दाखवा. अर्जावरची."

त्याने पेन घेतलं. वकील मान लांब करून बघत होता, नगरसेवक बघत होता, मागची टाळकी खुर्च्यांवरून उठून बघत होती. एवढ्या चोरांसमोर सही करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. गाठ आठवत होती, पण ती आधी की तिरका फाटा आधी? ठिपके दोन की तीन? त्याच्या हातून जे उमटलं ते अर्जावरच्या सहीसारखं नव्हतं आणि निवेदनावरच्या सहीसारखंही नव्हतं.

हॉलमध्ये हशा पिकला. "काका, आणखी एकदा करा," बाई शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्यांदा तर पेनच कागदात रुतलं. तो अगदी खरं सांगत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे सगळे जण, तो वाण्याच्या काट्याकडे बघायचा तसे, बघत होते.

"सूचकाच्या सहीबद्दल माझी खात्री पटत नाही," बाई म्हणाल्या. "हा अर्ज नामंजूर."

त्याला बायकोकडे बघवेना. ती बंद दारासमोर चादर धरून उभी राहिली, ऑफिसांचे उंबरे झिजवले, आणि ज्या एका माणसाला तिने आपला म्हणून पुढे केलं त्याने घात केला. बाहेरचा कुणी नाही, घरचाच. रडू येतं म्हणजे काय ते त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"या उमेदवाराचा दुसराही अर्ज आहे," अधिकारी बाई पुढचा कागद उचलत म्हणाल्या. "सूचक वेगळे आहेत. यावर हरकत?"

वकिलाने कागद हातात घेतला, उलटसुलट केला, उजेडात धरला. सही साधी होती. पुरं नाव, एकेक अक्षर सुटं. मागच्या रांगेतून इस्त्रीवाला उठला आणि म्हणाला, "माझीच आहे. हवी तर पुन्हा करतो." त्याने केली. तशीच्या तशी.

"अर्ज मंजूर."

बाहेर जिन्यात नगरसेवकाचा ड्रायव्हर इस्त्रीवाल्याच्या अंगाला मुद्दाम घासून खाली गेला. इस्त्रीवाला हसून म्हणाला, "वहिनी, नगरसेवकांच्या कपड्यांचं गाठोडं यांनी आज सकाळीच परत नेलं, इस्त्री न करताच. बरं झालं, स्टार्च फार लागायचा." आणि सायकल काढून तो दुकान उघडायला गेला. काटेवाल्याला त्याला हाक मारायची होती, पण तोवर सायकल वळणाआड गेली होती.

दोघं पायऱ्या उतरून रस्त्याला लागली. तो म्हणाला, "दुसरा अर्ज भरलास आणि मला सांगितलं नाहीस."

"एकाहून जास्त भरता येतात. त्या कारकुनानेच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा त्याच्या खिशाकडे बघत होता."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुझा?"

"होता की," ती म्हणाली. "तुम्ही काय कराल यावर पुरेपूर होता."

ती उमेदवार झाली होती, त्याचा आनंद त्याला खरोखर झाला होता, आणि आत कुठेतरी फार दुखतही होतं. तो तिची पिशवी घ्यायला पुढे झाला. तिने दिली. मग चालता चालता ती थबकली.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"आपलं लग्न नोंदवलं तेव्हा त्या वहीत कोणती सही केलीत?"

"खरी!" तो म्हणाला. "खरीच केली गं. तुझी शपथ."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मागून येणारी माणसं दोघांना वळसा घालून पुढे जात होती. ती खरी होती. बँकेतली, एकुलती एक, आयुष्यात बँकेबाहेर एकदाच केलेली. पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे त्या रस्त्यावर काहीएक नव्हतं, नुसतं सांगणं होतं.

"अगं, खरंच," तो पुन्हा म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि चालू लागली. तिला पटलं की नाही हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची त्याची छाती झाली नाही.