कॅसेट संपते तिथून पुढे

माझ्या मैत्रिणीनं पन्नाशीत लग्न ठरवलं आणि अट एकच घातली. मानपान नको, आहेर नको, पण वरातीत आमचं गाणं वाजलं पाहिजे. तेही धुमालवर, म्हणजे ढोल, ताशे आणि कीबोर्डच्या त्या कल्लोळावर, ज्याच्याशिवाय नागपुरात लग्न लागल्यासारखं वाटतच नाही.

आमचं गाणं म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका रॉक बँडचं. लांब केसांचे बाप्ये, तीन-तीन गिटारी, आणि तिघींनाही एकदमच बोलायचं असतं. गाणं मुळात त्यांचं नाहीच. कुण्या जुन्या गवयाचं संथ, रडकं गाणं त्यांनी उचललं आणि चौखूर उधळलं. कॉलेजात कुणी हे हिणवून सांगितलं की मैत्रीण म्हणायची, गाण्याचं माहेर कुठलंही असो, ते नांदलं कुठं ते बघा.

सदर बाजारातल्या एका दुकानातून आम्ही ते कॅसेटवर भरून आणलं होतं. दुकानदारानं ते शेवटच्या उरल्यासुरल्या जागेत कोंबलं, त्यामुळे गिटार ऐन रंगात आली की फीत संपायची. खट्. वर्गातल्या सगळ्या शौकिनांनी आमच्याच कॅसेटवरून कॉप्या केल्या, म्हणून सगळ्यांचंच गाणं तिथं खट् व्हायचं. मग पुढची गिटार आम्ही तोंडानं वाजवायचो, ज्याला जशी सुचेल तशी. तीच रीत पडली. पुढे मोबाइलवर अख्खं गाणं मिळायला लागलं, तेव्हा मैत्रिणीनं नेमक्या त्या जागी बोट ठेवून ते बंद केलं. इथून पुढचं आपलं नाही, म्हणाली. खुळीच ती. मीही तशीच, मीही कधी पुढे ऐकलं नाही.

नवरदेव लकडगंजचे. आरामशीनवाले, म्हणजे लाकूड कापायची गिरणी त्यांची, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, स्वभावानं अबोल. दिवसभर करवतीच्या आवाजात उभ्या राहणाऱ्या माणसाला गिटार काय कळणार, असं मी थट्टेत म्हणून गेले. मैत्रीण हसली नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदीचे हात वाळवत ती मला म्हणाली, "लग्नाचं भेव नाही वं मले. पण गाणं वाजल्यावर त्यायनं तोंड वाकडं केलं, पाहुण्यांसमोर लाजले, तर मंग मी कोणाच्या घरी चालली, सांग?"

ही बाई कधी कशाला घाबरलेली मी पाहिली नव्हती.

लग्न सकाळचं, बुद्धविहारात. धुमालवाल्यांना गाणं मीच दिलं होतं, जुन्या कॅसेटवरून मोबाइलवर उतरवून, आणि त्यांनी ते इमानेइतबारे बसवलं होतं. वरात गल्लीत शिरली आणि ताशे कडाडले, तशी नवरी आत बसायचं सोडून पांढरी साडी खोचून फाटकात नाचायला लागली. तिच्यामागे आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी, गुडघ्यांचे पट्टे सांभाळत. नवरदेवाच्या आत्याबाईंना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या आमच्याहून जोरात नाचत होत्या. मी इतकी हसत होते की पदर, पर्स, चप्पल, कशाचंच भान नव्हतं. अंगात यायचं तेवढं बाकी होतं.

आणि ऐन रंगात, खट्.

सगळं थांबलं. धुमालवाल्यांनी मिळालं तसं वाजवलं होतं. कॅसेट संपते तिथं त्यांचं गाणं संपलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही सवयीनं तोंडं उघडली, पण एवढ्या लोकांत कुणाचा आवाज फुटेना. मैत्रीण नवरदेवाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

नवरदेवांनी फेटा सारखा केला, डोळे मिटले आणि तोंडानं गिटार सुरू केली. आवाज थेट आरामशीनचा, सागाच्या ओंडक्यात करवत शिरावी तसा. पण सूर पक्का. आम्हाला कधीच न सुचलेल्या जागांवरून ती गिटार चढली, वळली, पुन्हा चढली आणि अगदी शेवटापर्यंत जाऊन हळूच टेकली. ताशेवाल्यांनी मागोमाग ठेका धरला. मी आनंदानं भोकाड पसरलं, खोटं कशाला सांगू.

मैत्रीण त्यांच्याजवळ गेली. "तुमाले हे कुठून येते?"

"तुमीच सांगतलं होतं ना, तुमचं गाणं जिथं थांबते, तिथून पुढचं पाठ केलं," ते म्हणाले. "पहिलं तर तुमाले येतेच."

आत भंतेजी वाट पाहत होते. तिनं धुमालवाल्यांकडे वळून हात वर केला, पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला खट् झालं तेव्हा आम्ही सगळ्या तोंडानं तुटून पडणार होतो. तिनं आम्हाला गप्प केलं आणि नवरदेवांना वाजवू दिलं.