खेळाचा लॅपटॉप घ्यायला मी गेले

नातीला खेळ खेळायचा लॅपटॉप घ्यायचा होता. पैसे तिच्या बापाचे, पण त्याला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत मी गेले. मी चौथी शिकलेली. पण आमच्या शहरातल्या गोहलपूर मोहल्ल्यात तीस वर्षे सलवार-सूट शिवले आहेत. विजेवर चालणारी वस्तू दुकानदाराच्या शब्दावर घ्यायची नसते, एवढे मला कळते.

पोरगी सिहोऱ्याला राहते, रोज बसने इथल्या कॉलेजात येते. कॉलेजच्या कॉम्प्युटरवरच्या खेळाच्या टीममध्ये तिला जागा मिळाली होती. जुन्या लॅपटॉपवर खेळ मधेच अडकायचा. टीमवाल्यांनी सांगून टाकले होते, महिन्याभरात नवा आण, नाहीतर आम्ही दुसरी पाहतो.

दुकान पहिल्या मजल्यावर होते. तिचे मन एका पातळ, चंदेरी लॅपटॉपवर बसले.

"चलाके दिखाओ," मी म्हणाले.

"चल तो रहा है, अम्मा."

"ऐसे नहीं. खेल लगाओ. आधा घंटा."

"अम्मा, ये सिलाई मशीन थोड़ी है!"

"मशीन भी हम चार तह जीन्स पे चलाके लेते थे, भैया. मलमल पे तो सब चलती है."

नात कुजबुजली, "आजी, काहून इज्जत घालवून राहिली?"

"तू खेळ."

वीस मिनिटांत पातळ लॅपटॉप इस्त्रीसारखा तापला आणि खेळ ठेचकाळू लागला. मग शेजारचा काळा, जाडा लावला. त्याचा पंखा कूलरसारखा घोंगावत होता, पण खेळ अडला नाही.

"पण आजी, हा भारी आहे. बसमध्ये उभं राहून जाते मी."

तेही खरे होते. मी तो तिच्या बॅगेत घालायला लावला. वर पुस्तके, डबा, पाण्याची बाटली. मग तिला तीनदा जिना उतरवून चढवले. गिऱ्हाइके तमाशा बघत उभी. लालबुंद होऊन ती म्हणाली, "चलो, जमते." आम्ही जाडा घेतला.

चूक माझी झाली. दुकानात वजन पाहताना चार्जर मी बॅगेत घातलाच नव्हता. शिलाई मशीनची मोटर मशीनलाच बसवलेली असते, ती वेगळी उचलून पाहायची सवय आम्हाला नाही. या लॅपटॉपचा चार्जर म्हणजे अर्धी वीट, आणि तो लावल्याशिवाय खेळ धड चालत नाही. चौथ्या दिवशी नात खांदा धरून इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात माझ्या घरी आली.

"आजी, दोन्ही नाही उचलल्या जात."

तेव्हापासून लॅपटॉप आणि चार्जर माझ्याकडेच आहेत. कॉलेज सुटले की ती येते, टीमसोबत खेळते आणि सातच्या बसने परत जाते. टीममधली जागा टिकली.

शेजारीण म्हणते, "नातीला आजीची किती ओढ!" ओढ कसली! आल्या आल्या कानाला हेडफोन लावते. चहा घेतेस का, हे मला तिच्या तोंडासमोर कप नाचवून विचारावे लागते.