लाल रंगाखालचा टाका

५ फेब्रुवारी २०१२, भालकी

चार महिने या ब्लॉगवर काहीच लिहिलं नाही. दोघी-तिघींनी चौकशीचे मेसेजही केले, त्यांनाही उत्तर दिलं नाही... माफ करा. कारण काही नव्हतं, नुसता आळस. आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही असं झालंय.

सकाळी अप्पांकडे गेले होते. अप्पा आमच्या गल्लीतले. तीस वर्षं पुण्याच्या एका मोटार कारखान्यात गाड्यांची डिझाइन केली, आता निवृत्त होऊन गावी आलेत. आमच्या पॉलिटेक्निकच्या स्मरणिकेसाठी मी त्यांच्याकडून त्यांच्या रेसिंग कारची हकीकत लिहून घेतेय.

ती गाडी आमच्याच कॉलेजच्या शेडमध्ये आहे. लाल, बसकी, एका माणसापुरती. मंगळवारच्या गॅदरिंगला ग्राउंडवर तिच्या तीन फेऱ्या मारायच्या, ही कल्पना माझी. चालवणार माझा नवरा, संगमेश. तो तिथेच ऑटोमोबाइल शिकवतो. महिनाभर खपून त्यानंच इंजिन चालू केलंय.

१९९३ च्या उन्हाळ्यात अप्पा लांब रजा काढून, कागदावरची गाडी घेऊन गावी आले होते. इकडच्या एका साखर कारखान्याचा गाळपाचा सीझन संपलेला, वर्कशॉप रिकामं, आणि तिथले फिटर-वेल्डर अप्पांचे शाळेतले दोस्त. बॉयलरच्या नळ्यांची चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, झाली. गाडीचं नाक कसं दिसेल ते कागदावर कळेना, म्हणून अप्पांनी कुंभाराला बसवून मातीत ते नाक करून घेतलं... चार वेळा मोडून.

"मोटारी काढल्या जगाच्या," आतून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "आमच्या न्हाणीच्या दाराला एक कडी बसवून दिली न्हाई अजून."

अप्पा हसले. मग वर्कशॉपची रीत सांगायला लागले. "सीझनमधी कारखाना थांबवता येत न्हाई. काही मोडलं की नुसते दोन टाके मारायचे वेल्डिंगचे अन् वर पिवळा पट्टा ओढायचा. सीझन सरला की पिवळं दिसंल तिथं पक्कं वेल्डिंग करायचं. गाडीलाबी आमी तसंच केलतो... स्टीअरिंग धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटला. घाई व्हती."

मी लिहीत होते. सहज विचारलं, "मग पक्कं कधी केलंत?"

अप्पा आठवायला लागले.

"पेंटरनं दुसऱ्याच दिशी गाडी लाल केली," ते म्हणाले. "पिवळं दिसलंच न्हाई कुनाला. मद्रासच्या शर्यतीत दोन नंबर आली गाडी, मग खाली वाकून कोण बघतंय... न्हाई केलं बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"न्हाई केलं, सुनंदा."

मी वही तशीच टाकून फोन उचलला. कारण त्याच वेळी संगमेश ग्राउंडवर ट्रायल घेत होता. फोन लावला... नुसता वाजत राहिला. चार वेळा लावला. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येणार तरी कसं!

अप्पा तसेच उठले. अक्का "चहा झालाय की!" म्हणेपर्यंत आम्ही रिक्षात. अप्पांच्या पायात चपला नव्हत्या, हे मला अर्ध्या रस्त्यात दिसलं. खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता. एकोणीस वर्षं हा माणूस हे विसरून जगला?

कॉलेजच्या गेटाशी इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि जीव भांड्यात पडला. आत शिरलो आणि तो आवाज एकदम थांबला... त्यानंतरची वीस-पंचवीस पावलं मी कशी चालले ते मला आठवत नाही.

गाडी पार टोकाला, बाभळींच्या अलीकडे उभी होती. संगमेश आतच बसून घाम पुसत होता. "पाणी उकळायलंय, दोनच फेऱ्या झाल्या. तू कामून आलीस?"

"आधी उतर बघू खाली," अप्पा म्हणाले.

पासष्टी उलटलेला माणूस मातीत उताणा पडून गाडीखाली सरकला. हॅकसॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, पान मागितलं आणि खरवडायला लागला. लाल गेलं... खाली पिवळं. दोन टाके. त्यातल्या एकाला आरपार चीर. अप्पांनी बोटानं ढकललं तर ब्रॅकेट हलत होतं.

संगमेशचा चेहरा उतरला. "तिसरी फेरी जोरात घेणार होतो," एवढंच म्हणाला.

तोवर प्रिन्सिपॉल आले, मुलं जमली. कुणीतरी म्हणालं, जुन्या वेल्डरचं काम असेल. अप्पा अंगाची माती न झटकताच बोलले, "त्याला कामून बोलता? तो पक्कं करतो म्हनत व्हता. मीच म्हनलो, शर्यतीनंतर बघू. चूक माझी हाय, मंगळवारी गाडी फिरणार न्हाई."

घरी आल्यापासून एकच गोष्ट टोचतेय. मागच्या रविवारी अप्पा म्हणाले होते, "शेवटच्या आठवड्यात लई घाई झाली बघ..." आणि मी त्यांना मध्येच तोडलं होतं. "स्मरणिकेत जागा कमी आहे, अप्पा, शर्यतीचं सांगा." मला वेग हवा होता, टाळ्या हव्या होत्या. तेव्हा गप्प बसून ऐकलं असतं तर संगमेश आज त्या गाडीत बसलाच नसता. मग मी रिक्षात चिडले होते ती नक्की कुणावर?

पण एवढ्या नावाच्या माणसाला "केलं असेल की" म्हणून पुढे सरकणं किती सोपं होतं. ते सरकले नाहीत. संगमेश समोर बसून भाकरी खातोय, तो त्यामुळे.

उद्या : कोरी वही घेऊन अप्पांकडे जाणे. शेवटच्या आठवड्यापासून विचारणे, आणि मध्ये न बोलणे.