कोंदट खोली विचारणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई पहिल्यांदा आमच्या मनीषनगरच्या घरी आल्या, त्या दिवशी मी हॉलचे पडदे मुद्दाम बदलले होते. निवृत्त विज्ञान-शिक्षिका येणार, तर घराचे चार शब्दांनी कौतुक करतील, अशी माझी समजूत. त्यांनी चहाआधीच विचारले, "घरात सगळ्यात कोंदट खोली कोणती वं तुमची?" मला अस्सा राग आला!

ती खोली माझ्या सासूबाईंची, तळमजल्यावर, मागच्या बाजूची. आईंना जिना चढवत नाही आणि डासांच्या धास्तीने त्या खिडकी उघडू देत नसत. कॉलनीत घरोघरी टांगत होत्या तसा एक छोटा प्लास्टिकचा पेला ताईंनी तिथे टांगला. जमिनीतून, फरशीच्या भेगांतून रेडॉन नावाचा वायू वर येतो, बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षे श्वासातून गेला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. तो ना दिसतो, ना त्याला वास. पेल्यातली फिल्म तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तपासली की त्याचे प्रमाण कळते, हे ताईंनी आईंनाही उमगेल इतके सोपे करून सांगितले.

मी मात्र धसका घेतला. आपले घर नापास झाले तर? ताईंची पाठ वळताच मी पेला हॉलमध्ये, देवघराशेजारच्या उघड्या खिडकीपाशी लावला. "काहून हलवलं वं?" आईंनी विचारले.

तीन महिन्यांनी तो गुपचूप पुन्हा आईंच्या खोलीत गेला. ताईंनी पेला काढून नाकाशी धरला. त्याला उदबत्तीचा वास येत होता आणि धुराने दम लागतो म्हणून आईंच्या खोलीत उदबत्ती कधीच लागत नाही. "भेव वाटलं काय?" त्या हळूच म्हणाल्या. "अवं, पेपर तुझा नव्हता, खोलीचा होता."

तोवर उन्हाळा लागला होता. कूलर सुरू झाले की हवा खेळती राहते, त्यामुळे खरी मोजणी पुढच्या थंडीवर गेली. माझ्या लबाडीपायी आई आणखी वर्षभर त्याच खोलीत झोपल्या. त्या वर्षभर ताई आठवड्यातून दोनदा येत आणि गप्पा मारता मारता आईंची खिडकी उघडून देत.

त्यांच्या स्वतःच्या घराचा आकडा धोक्याच्या वर होता. तो त्यांनी कॉलनीच्या फलकावर लावला. "ताई, कागद काढा ना, पोरीची सोयरीक जमून राहिली, पाहुणे वाचतील," एका शेजाऱ्यांनी हात जोडले. "भाऊ, आकडा माझ्या घराचा आहे, तुमचा थोडी लावला!" कागद तसाच राहिला.

गेल्या थंडीत आमचाही आकडा जास्त आला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ताई गुडघे टेकून मिस्त्रीला एकेक भेग दाखवत होत्या. भेगा बुजल्या, खिडकीला जाळी बसली. यंदा ताईंनी पुन्हा पेला टांगला आहे. आईंना खोकला आहे. डॉक्टर साधा म्हणतात, तरी त्या खोकल्या की माझ्या हातातले काम थांबते.

ताईंना पंचाहत्तरीनिमित्त निरोगी, उदंड आयुष्य लाभो. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. पुढच्या महिन्यात तो पेला उतरवायला त्याच हव्यात. आईंच्या खोलीची जाळीची खिडकी उघडी आहे. पेल्याला मी हात लावलेला नाही.