सेल्विनची चौदा बटणं

सेल्विन थ्वेट एकतीस वर्षं आगीच्या बंबावर होता. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी घरात त्याची ड्यूटी काही संपली नव्हती. रात्री दहाचे ठोके पडले की हा घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करणार. टीव्ही, किटली, टोस्टर, दिवाणखान्यातला दिवा, मोजून चौदा. सकाळी सहाला उठून तीच चौदा पुन्हा चालू. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या व्हिटबीतली बरीच म्हातारी माणसं झोपताना बटणं बंद करतात, मीही किटलीचं करतो. पण सेल्विनने एक दिवस चुकवला असेल तर शपथ.

मी त्याचा शेजारी, लायनेल. उभा जन्म दुधाच्या बॅटरीगाडीवर गेला. आधी गाडी चालवली, मग डेपोत त्याच गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळल्या. शिसं आणि ॲसिड यांच्याशी जितका संसार केला तितका बायकोशीही केला नाही, असं बायकोच म्हणायची. आता गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, पाय थकले की घेतात त्या बॅटरीच्या चारचाकी स्कूटरी माझ्या दारात येतात. सगळ्यांना मी एकच सांगतो, ही बॅटरी दुभत्या गाईसारखी आहे. दूध काढलंत की वैरण घाला, आणि अर्धपोटी ठेवू नका. आम्ही पहाटेची फेरी संपवून आलो की आधी गाडी चार्जिंगला लागायची, मग आमची न्याहारी. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन आपल्याच मनाचं करतात.

सेल्विनची बायको म्युरिएल. तिचे खुबे गेले तेव्हा तिने स्कूटर घेतली ती बाजारहाटासाठी नव्हे. टेकडीवर नगरपालिकेच्या भाड्याच्या जमिनीत तिचा भाजीचा तुकडा आहे, तेहतीस वर्षांचा. तिथे ती बुटक्या स्टुलावर बसून आखूड दांड्याच्या काट्याने माती उकरते, आणि तिच्याइतके जाड लीक, म्हणजे कांद्याच्या पातीचे थोरले भाऊ, दुसऱ्या कुणाचे होत नाहीत. चढ मात्र असा आहे की तरण्याताठ्यालाही धाप लागावी.

पहिली बॅटरीची जोडी आठ महिन्यांत आटोपली. सेल्विनने दुकानदाराला शिव्या घातल्या. दुसरी त्याने दुप्पट किमतीची आणली, ती सात महिन्यांत गेली. या खेपेला दोष समुद्राच्या खाऱ्या हवेचा निघाला, आणि थोडा म्युरिएलच्या खताच्या पिशव्यांचा. तिसऱ्या वेळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, आता तूच निवड. मी जेलची, म्हणजे आत पातळ ॲसिडऐवजी घट्ट लगदा असलेली जोडी निवडली. चढावर पार दमून आली तरी पुन्हा उभी राहणारी. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. एक नवी आणि एक जुनी जोडली तर म्हाताऱ्या बैलाबरोबर तरणा जुंपल्यासारखं होतं, दोघंही बसतात. मोटारीची बॅटरी तर मुळीच घालायची नाही, ती एक झटका द्यायला केलेली असते, दिवसभर ओढायला नव्हे. एवढं सगळं सांगून मी बजावलं, फेरी झाली की रोज चार्जिंग. तो म्हणाला, रोजच करतो की.

पाच महिन्यांनी, एप्रिलात, म्युरिएल चर्चच्या वळणावर अडकली. एक्याऐंशी वर्षांच्या सेल्विनने तिला स्कूटरसकट ढकलत खाली आणलं. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या भाजीच्या तुकड्यांच्या कमिटीचं दुसरं पत्र आलं. तुकडा पडीक दिसतो आहे, शनिवारी पाहायला येऊ, निम्मी जमीन खणलेली नसेल तर यादीतल्या पुढच्या माणसाला देऊ. म्युरिएलने ते पत्र घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिचं हे गप्प राहणं मला बघवेना.

आणि खरं सांगायचं तर माझंही नाक कापलं गेलं होतं. जोडी मी निवडली होती. मंगळवारी सकाळी आठला मीटर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दोन बॅटऱ्या मिळून पंचवीस व्होल्टच्या वर दाखवायला हव्यात, काटा चोवीसच्या आसपास रेंगाळत होता. रात्रभर चार्ज होऊन ही दशा. चार्जर बिघडला असेल म्हणून माझा लावून ठेवला. बुधवारी सकाळी पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

"किती वाजता लावतेस गं?" मी म्युरिएलला विचारलं.

"जेवणं झाली की. आठला. मग मी नऊला झोपते."

"आणि सकाळी?"

"सकाळी दिवा लागलेला असतो की. मी बघूनच काढते."

"कुठल्या रंगाचा?"

"नारिंगी. छान असतो अगदी."

"हिरवा कधी पाहिलास?"

"हिरवापण होतो?" म्युरिएल म्हणाली.

मी सेल्विनकडे पाहिलं. तो दाराला टेकून उभा होता आणि त्याची नजर चार्जरच्या वायरवरून हळूहळू भिंतीवरच्या बटणापर्यंत गेली. चौदावं बटण. आठ ते दहा, दोन तास. सकाळी सहा ते आठ, आणखी दोन. तीन जोड्यांना या माणसाने अर्धपोटी ठेवून ठेवून मारलं होतं, आणि शिव्या दुकानदाराला.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दहा-बारा तास सलग लागतात, आग विझवणाऱ्याला एवढी अक्कल नसावी का, असं बरंच काही. मग तो म्हणाला, "एका घरात अंथरूण गरम करायची विजेची चादर चालू राहिली होती, लायनेल. म्हातारी आणि नात. दोघींना मीच बाहेर आणलं. पुढचं नाही सांगत."

पंचावन्न वर्षांच्या संसारात म्युरिएलने हे पहिल्यांदा ऐकलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

सेल्विन म्हणाला, बॅटऱ्या रोज संध्याकाळी उचलून तुझ्याकडे आणतो. एकेक पंधरा किलोची, आणि याच्या पाठीचे मणके आधीच एकमेकांशी बोलत नाहीत. मी काही म्हणायच्या आतच म्युरिएल बोलली.

"काही नको. तुकडा देऊन टाकू. मला लीक नकोत, तुझी झोप हवी."

हे तिने भाजीला मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं, आणि कप धुवायला लागली. मी घरी आलो.

गुरुवारी सकाळी आठला तिचा फोन आला, पुढच्या दाराने येऊ नकोस, मागून ये. गेलो. पुढच्या दाराच्या आतल्या बोळात स्कूटर उभी, शेजारी खुर्ची टाकून सेल्विन झोपलेला, मान एका खांद्यावर, पायाशी वाळूची बादली. चार्जरची वायर त्याच्या पावलाखालून गेलेली. चार्जरवर हिरवा दिवा.

"आता निघ," मी कुजबुजलो. "दोनच दिवस उरलेत."

"वायर ओढली तर जागा होईल."

"मग होऊ दे की."

"नाही," ती म्हणाली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला. तुकडा हातचा जायची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि ही बाई नवऱ्याच्या पावलाखालची वायर सुटायची वाट बघत टोस्टला लोणी लावते आहे. मी घड्याळाकडे बघून चरफडत होतो. ती मात्र बसली होती, आणि मला वाटतं सुखात होती.

साडेदहाला तो उठला. तिला बघून ओरडलाच, "तू अजून इथे काय करतेस?" मग मला म्हणाला, "मोज." मी मोजलं. पंचवीसच्या वर, पूर्ण अर्ध्याने. पाच महिन्यांत पोट पुरतं मेलं नव्हतं, जेलची जात चिवट. सेल्विनने आकडा स्वतः वाकून पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

शनिवारचं आत्ताच सांगून टाकतो. कमिटी आली, निम्म्याहून जास्त जमीन खणलेली होती, वाल पेरलेले होते, आणि म्युरिएलने त्यांनाच वर रुबार्बच्या आंबट देठांच्या दोन जुड्या दिल्या. सेल्विन अजून खुर्चीतच झोपतो. म्युरिएलने तिची खुर्चीही बोळात आणली आहे, त्यामुळे त्यांच्या पुढच्या दाराने आता कुणालाच आत जाता येत नाही.

पण त्या गुरुवारी आम्ही दोघं म्हातारे चढाच्या पायथ्याशी उभे होतो. सेल्विन पैरणीवर स्वेटर चढवून तसाच आला होता, ढकलायला लागलंच तर म्हणून. म्युरिएल चर्चच्या वळणावर पोचली, आणि वळून दिसेनाशी झाली. आम्ही पाच मिनिटं थांबलो. स्कूटर मागे आली नाही.

"हात पण नाही हलवला बयेने," सेल्विन म्हणाला, आणि डोळे पुसायला स्वेटरची बाही पुढे ओढली.