विषय बदलण्याचं कारण

पहिला आलेल्या माणसाकडे सांगायला एकच किस्सा असतो. तो पहिला आला, पेढे वाटले, संपलं! कमी मार्कवाल्यांचं तसं नसतं. त्यांचे किस्से साचत जातात, आणि दर वर्षी थोडे आणखी मुरतात. आम्ही तिघं अजूनही जयपूरला भेटलो की चहा येईपर्यंत एक तरी निघतोच.

तिघं म्हणजे मी, चौमूंहून रोज बसनं येणारा ओमप्रकाश आणि आदर्श नगरची किरण. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, विषय गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. कॉलेजच्या मागच्या जिन्यावर सावली असायची, म्हणून तिथेच आमचा मुक्काम. माझं मराठी थोडं हिंदीमिश्रित आहे, तेवढं सांभाळून घ्या. जन्म अकोल्याचा, पण वाढले जयपूरच्या रेल्वे कॉलनीत!

* * *

रिझल्ट लागला. किरण फर्स्ट क्लास. मी आणि ओमप्रकाश दोघंही गणितात गेलो. सप्लीमेंट्री, मतलब त्या एकाच विषयाची परीक्षा पुन्हा द्यायची.

ओमप्रकाशनं पीसीओवरून चौमूंला फोन लावला. त्याच्या बापूंना जरा कमी ऐकू यायचं. हा बूथमध्ये ओरडतोय, बाहेर लाईन लागलेली.

"बापू, गणित रह गया!"

"कहाँ रह गया?"

ओमप्रकाश आणखी जोरात ओरडला, "कॉलेज में!"

"तो रोता क्यों है? जाकर ले आ!"

* * *

माझ्या घरी सगळ्यांना उत्तम ऐकू यायचं, हीच अडचण होती.

बाबा रेल्वेत सिग्नल विभागात होते. स्वतः मॅट्रिकनंतर नोकरीला लागले, पण गणितावर भारी जीव. सुट्टीच्या दिवशी माझ्या दहावीच्या पुस्तकातली गणितं सोडवायचे, करमणूक म्हणून! मुलगी गणितात बी.एस्सी. करते हे त्यांनी कॉलनीत इतक्या जणांना सांगितलं होतं की भाजीवाले भैयासुद्धा मला "मैथ वाली बिटिया" म्हणायचे.

बाबांनी मार्कशीट हातात घेतली. बराच वेळ पाहिली. उलटी करून मागची बाजूही पाहिली. मग घसा साफ करून म्हणाले, "वैशू, सिग्नल लाल असला म्हणून गाडी खराब नसते. तिनं फक्त..."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचे सिग्नल टेशनावर ठेवा. पोरगी सकाळपासून जेवली नाही."

* * *

मग बाबांनी ठरवलं की सप्लीमेंट्रीची तयारी तेच करून घेणार. कुणाकडून तरी कॅल्क्युलसचं गाइड आणलं. रोज ड्यूटीला जायच्या आधी तासभर चष्मा लावून बसायचे. एका जुन्या डायरीत उदाहरणं उतरवून घ्यायचे, अक्षर अगदी मोत्यासारखं. मी समोर बसायची. चहा थंड व्हायचा. बाबांची पेन्सिल मध्येच थांबायची, मग ते पान मागे उलटायचे, पुन्हा पुढे.

आठव्या दिवशी त्यांनी चष्मा काढला.

"वैशू, एक सांग. हे डीएक्स म्हणजे काय व?"

मी म्हटलं, "मलाही नाही माहीत, बाबा."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मंग आतापर्यंत आपण दोघं काय करून राहिलो होतो?"

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की आई बघायला बाहेर आली. नंतर मी न्हाणीघरात जाऊन रडले, ते वेगळं.

* * *

मधेच कुणीतरी सुचवलं की शहरातच झालाना भागात एका ऑफिसात करियर काउन्सेलिंग होतं, टेस्ट घेतात, कोणता विषय घ्यावा ते सांगतात. मी आणि ओमप्रकाश गेलो. दीडशे प्रश्न! तुम्हाला एकांत आवडतो का? तुम्हाला यंत्रं आवडतात का? ओमप्रकाशनं सगळीकडे 'हो' केलं, उगाच कुणाला वाईट वाटायला नको म्हणून.

काउन्सेलर मॅडमनी माझा कागद पाहिला. "आप तो मैथ्स में बहुत अच्छा करेंगी!"

मी म्हटलं, "मॅडम, मैं मैथ्स में फेल हूँ."

त्यांनी कागद पुन्हा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "यह आपने फॉर्म में कहीं लिखा नहीं!"

* * *

विषय बदलायचा तर सरळ आर्ट्सला, पुन्हा पहिल्या वर्षापासून. एक वर्ष गेलंच म्हणायचं. फॉर्मची शेवटची तारीख जवळ येत चालली होती आणि मी रोज जिन्यावर बसून "बदलू की नको" करत होते. ओमप्रकाशचं पक्कं होतं, तो सप्लीमेंट्री देणार.

एके दुपारी मी किरणला म्हणाले, "तू सुखी आहेस. तुला काही ठरवायचं नाही."

 किरण बॅगच्या पट्ट्याशी चाळा करत बसली. मग एकदम तिच्या डोळ्यांतून पाणी. आम्ही घाबरलो.

"मुझे भी छोड़ना है," ती म्हणाली. "मुझे पेंटिंग लेनी थी. पर मेरे तो नंबर अच्छे आ गए!"

* * *

गणिताच्या गुप्ता सरांना मी फार घाबरायची. पण एकदा विचारावं, म्हणून स्टाफरूममध्ये गेले. "सर, मैं सब्जेक्ट बदलूँ क्या?"

सरांनी कपाट उघडलं आणि माझा क्लास टेस्टचा पेपर काढला. चार महिन्यांपूर्वीचा! मी तर विसरूनही गेले होते. शेवटच्या गणितात अडकले होते तेव्हा, आणि जागा रिकामी सोडवेना म्हणून हिंदीत लिहून ठेवलं होतं: "सर, यहाँ तक मैं आपके पीछे-पीछे आई। आगे आप कहीं मुड़ गए और मुझे दिखे नहीं। मैं यहीं खड़ी हूँ।"

खाली लाल शाईत भोपळा.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. सर म्हणाले, "ज़ीरो तो ज़ीरो है, बेटा. पर यह मैंने घर ले जाकर अपनी पत्नी को सुनाया था."

त्यांनी पेपर माझ्या हातात दिला.

"तुम अब तक वहीं क्यों खड़ी हो?"

* * *

घरी सांगितलं, बी.ए. करणार, हिंदी साहित्य घेणार. बाबा टोपी घालून ड्यूटीवर गेले. आई मेथी निवडत होती.

"अकोल्याच्या आजीचं मराठी पत्र तुले वाचता येत नाही धड. अन् आता हिंदीत बी.ए.?"

"आजीचं अक्षर तर तुलाही लागत नाही, आई."

आईनं दोन काड्या निवडल्या. "मले लागते," ती म्हणाली. "फक्त त्यात तिचं दुखणंच लिहिलेलं असते, म्हणून मी वाचत नाही."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी आजीला उत्तर लिहिलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं अख्खं मराठी पत्र. विषय बदलायचंही त्यातच कळवून टाकलं!

* * *

पुढे काय झालं म्हणाल, तर ओमप्रकाश सप्लीमेंट्रीत काठावर पास झाला आणि आता चौमूंच्या शाळेत गणितच शिकवतो. गणित न येणाऱ्या मुलांचा तो फार लाडका मास्तर आहे. किरणनं एम.एस्सी. पूर्ण केलं, बँकेत लागली, आणि रविवारी मुलांना चित्रकला शिकवते. मी आर्ट्समध्ये पहिली-बिहिली आले नाही. पहिल्या वर्षी चोपन्न टक्के. पण वर्गात समोरचं बोलणं कळायला लागलं. हे सुख ज्याला मिळालं नाही त्यालाच कळेल. आता हिंदी शिकवते.

* * *

एक किस्सा राहिला. फॉर्मचा.

शेवटच्या दिवशी पालकांची सही हवी होती, तीही कॉलेजच्या ऑफिसात येऊन. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. आठवडाभर आमचं नीट बोलणं नव्हतं. खिडकीपुढे रांग. मी भरलेला फॉर्म त्यांच्या हातात दिला.

त्यात एक रकाना होता, 'विषय परिवर्तन का कारण'. मी लिहिलं होतं, 'पारिवारिक कारण'. फेल झाले असं कोण लिहिणार? बाबांनी तो रकाना वाचला. खिशातून पेन काढलं. माझ्या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली आणि रेल्वेच्या रजिस्टरात करतात तशी बाजूला छोटी सही केली. मग वर सावकाश, त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'पिछले वर्ष विषय भरने में पिता से गलती हुई।'

आदल्या वर्षीचा फॉर्म मी भरला होता. माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं. बाबा तेव्हा ड्यूटीवर होते.

"बाबा..." मी म्हटलं.

"रांग पुढे सरकली," बाबा म्हणाले.

खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. चष्म्यावरून बाहेर पाहत जरा जोरातच विचारलं, "यह किसने लिखा है? गलती किसकी है, पिता की?"

मागची रांग माना उंच करून बघायला लागली. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि खिडकीशी थोडं वाकले.

"जी. पिता हाजिर है."