वाळवंटातलं गाऱ्हाणं

आधीच सांगतो — भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी जांभया देणारा माणूस. पुण्याचा, त्यात सिव्हिल इंजिनिअर! तेव्हा हसायचं असेल तर खुशाल हसा.

कुवेतमध्ये मी एका कंत्राटदाराकडे साइट सुपरवायझर आहे. थंडीत इथली मंडळी वाळवंटात तंबू ठोकून राहतात — सोफे, टीव्ही, जनरेटर, सगळा थाट. सीझन संपला की बलदिया, म्हणजे इथली नगरपालिका, ती जागा आमच्याकडून साफ करून घेते.

आमचा फोरमन होता मालवणचा भास्करकाका. बायको-मुलगी गावाला, हा इथे कामगारांच्या सामाईक 'बॅचलर रूम'मध्ये. कोकणच्या रिवाजाप्रमाणे पहिल्या तंबूला हात लावण्याआधी तो जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालायचा. मी चिडवायचो, "काका, इथे साधं झाड नाही, राखणदार कुठला?"

"जागो आसा मगे राखणदार असतलोच," तो म्हणायचा. शेवटी न चुकता, "सगळ्यांका आपापल्या घराक सुखरूप पोचय रे म्हाराजा!" आणि बिहारी, बंगाली सगळी पोरं अर्थ न कळता ओरडायची, "व्हय म्हाराजा!"

गेल्या उन्हाळ्यात काका कायमचा गावी निघाला होता. बॅगा भरून तयार... आणि झोपेतच गेला. आम्ही त्याचा देह विमानाने घरी पाठवला. एअरपोर्टवर मी लहान मुलासारखा रडलो.

यंदा सुलैबिया या वस्तीच्या पलीकडे काम होतं. सकाळचं स्वच्छ ऊन. पण काकाच्या गाऱ्हाण्याशिवाय कुणी मशीन सुरू करेना. शेवटी मीच पुढे झालो. मोडक्यातोडक्या मालवणीत, अडखळत बोललो. 'घराक पोचय रे म्हाराजा' म्हणून थांबलो. समोर उभ्या पोरांपैकी कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना.

"व्हय म्हाराजा!" माझ्या पाठीमागून आलं. तोच तंबाखूने बसलेला आवाज.

वळलो. नुसती सपाट वाळू. शॉवेल मशीन चालवणारा रामबाबू पांढराफटक पडला होता — "साहब... ये तो काका थे!"

वारा म्हणावं? भास म्हणावं? सगळ्यांना एकदम? पण भीती नाही वाटत, वाईट वाटतं. आम्ही तर त्याला घरी पाठवलं होतं ना...

परवा गावाहून काकूंचा फोन आला. काकाचं दिवसकार्य घरीच झालं, तरी त्या दर वेळी एकच विचारतात. "बाबा, ते घराक पोचले असतले मां?"

मी म्हटलं, "व्हय, काकू." आणि फोन ठेवला.